गाण्यातला आवाज आणि आपला आवाज : 'ध्वनीचा अभ्यास' शिकवताना



गेल्या वर्षी नववीच्या एका मुलीने समूहगीतातून नाव काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. माझा आवाज गाण्यांसारखा येतच नाही." ती ऐकत होती मोठ्या भावाच्या मोबाईलमधलं हाऊस संगीत. आता त्या गायिकांचा आवाज तरी गाताना तसा कुठे असतो? पण हे नुसतं सांगून तिला पटलं नसतं. म्हणून ध्वनीच्या पाठाच्या तासाला करूनच दाखवलं.

आधी हाऊस म्हणजे काय ते थोडक्यात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'वेअरहाऊस' नावाचा क्लब होता, तिथे फ्रँकी नकल्स हे डीजे होते. हाऊस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं सांगतात. मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला एक जाड 'धप'. त्या धपला किक म्हणतात. (जाता जाता : मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा रागांचा एक अल्बम केला. पुढे शिकागोतून आलेल्या 'अॅसिड हाऊस'शी त्याचं साम्य पाहून लोक चकित झाले. त्यात गाणारा आवाज नाही, म्हणून इथे एवढंच. पण मुलांना जरूर ऐकवा.)

वर्गात मी माझाच आवाज रेकॉर्ड केला. पंखा चालू होता. मार्च महिन्यात आपल्याकडे तो बंद कोण करणार? लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर होतं. पहिलं काम, आवाजातली १०० हर्ट्झच्या खालची वारंवारिता काढून टाकली. पंख्याची घरघर बरीच गेली. हाऊसमध्ये हे हमखास करतात, कारण ती खालची जागा किकची असते. दोघे एकाच जागी बसले तर दोन्ही गढूळ ऐकू येतात.

मग कॉम्प्रेशन. गाताना आवाज कधी मोठा, कधी बारीक होतो. ठरवलेल्या पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज ४:१ प्रमाणात दाबला, तर तो फक्त २ डेसिबल वर राहतो. मग सगळाच आवाज थोडा वर उचलायचा. त्यामुळे गायिकेची कुजबुजसुद्धा किकच्या वर ऐकू येते. तोटा असा की 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागतात. "शाळा सुटली" म्हणून पाहा! ते टोक वेगळं कमी करावं लागतं.

खरी मजा प्रतिध्वनीत आली. मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एक ठोका ०.५ सेकंदाचा. अर्ध्या ठोक्यावर शब्द परत ऐकू यायला हवा असेल तर ०.२५ सेकंद. ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद धरा : ३४४ × ०.२५ = ८६ मीटर. पण हे अंतर जाऊन-येऊन आहे, म्हणून भिंत ४३ मीटरवर. सॉफ्टवेअरमध्ये ०.२५ हा आकडा टाकणं म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांहून थोडं लांब भिंत बांधणं. पाठातलं १७.२ मीटरचं उदाहरण मुलं घोकतात. हे गणित मात्र त्यांनी स्वतः, वेगवेगळ्या लयींसाठी करून पाहिलं.

निनाद शिकवायला आपल्याला लांब जायला नको. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा किंवा सुतार लेण्यात, कमानीचं छत आहे आणि दगडातच कोरलेल्या फासळ्या. तिथे सावकाश एक स्वर लावला की तो रेंगाळतो. (सावकाश हं, सहलीतला आरडाओरडा नको.) हाऊसवाले संगणकात असंच दालन उभं करतात, फक्त एक लबाडी करून : किक वाजली की निनाद दबतो, ओसरली की वर येतो. त्यामुळे गाणं श्वास घेतंय असं वाटतं.

राहिलं सुराचं. अँडी हिल्डेब्रँड हे आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करत. तशाच गणितातून १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं. गायिका शेर यांच्या १९९८ च्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मुद्दाम इतकं घट्ट लावलं की आवाज यंत्रासारखा सटासट सूर बदलतो. वर्गातल्या एकाच्या अॅपने माझा बेसूरपणाही असा सरळ केला आणि वर्ग हसून लोळला.

ती मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मग रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज मला परका का वाटतो?" फार चांगला प्रश्न. बोलताना आपला आवाज हवेतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो, म्हणून तो भरीव वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला भाग असतो. इतरांनी तिला नेहमी तसंच ऐकलंय. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "आम्हाला तर तुझाच आवाज वाटतो."

समूहगीतात ती त्या वर्षी परत आली नाही. पण दोन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन आली. भावासोबत स्वतःचा आवाज किकवर बसवला होता, प्रतिध्वनी ०.२५ चा. सूर सरळ करणारं अॅप तिने वापरलं नव्हतं, "सर, त्याने मी वाटतच नव्हते."

पालकहो, घरी हे करून पाहणार असाल तर हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, आणि मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. प्रत्येक बदल वेगळ्या नावाने जतन करा आणि मुलांना पहिली फाईल शेवटी पुन्हा ऐकवा.