वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रिया आणि पोषण

शस्त्रक्रियेची तयारी म्हटली की आपण हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, क्रिएटिनीन, छातीचा एक्स-रे व ईसीजी यांचे कागद जुळवितो. रुग्ण जेवतो किती, हा प्रश्न त्या कागदांत नसतो. तो न विचारल्यास काय घडते, हे मला एका आजींनी शिकविले. म्हणून हा लेखप्रपंच.

वय ७६, घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले. रात्रीपासून उपाशी ठेवले. परंतु हृदयतज्ज्ञांचा अभिप्राय उशिरा आल्याने शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी गेली. पुन्हा मध्यरात्रीपासून उपास, आणि टेबलवर घेतले दुपारी तीन वाजता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. नंतर मात्र जखम उसवली, पाठीला शय्याव्रण झाला. सहाव्या दिवशी तपासताना हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या मला प्रथमच दिसल्या. ‘‘आजी, जेवत का नाही?’’ असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, कवळी तुम्हीच काढून ठेवायला सांगितली होती. ती घरी गेली, ती परत आलीच नाही.’’ सहा दिवस त्या चहा, मुगाचे पाणी आणि भेटीस आलेल्यांनी आणलेली शहाळी यांवर होत्या. केसपेपरवर वजनाची जागा कोरीच होती. ती कोरी ठेवणारा मीच.

हे ज्ञान काही नवे नव्हते. १९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यविशारद हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरच्या शस्त्रक्रियांचा आढावा घेतला होता. ज्यांचे वजन आधीच २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यात मृत्युप्रमाण सुमारे ३३ टक्के आढळले; इतरांत ते ३.५ टक्के होते.

याचे कारण स्नायूंत आहे. शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडून जखम भरण्यास व प्रतिकारशक्तीस पुरविते. तरुणाजवळ ही शिल्लक भरपूर असते. वृद्धाजवळ ती आधीच आटलेली. त्यात अंथरुणास खिळले की स्नायू अधिकच झडतात. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास कफ खोकून बाहेर पडत नाही आणि न्यूमोनियास वाट मोकळी होते.

ओळखावे कसे? तीन प्रश्न पुरेत. गेल्या सहा महिन्यांत वजन घटले का? आठवडाभरात जेवण कमी झाले का? उंचीच्या मानाने वजन फारच कमी आहे का? उभे राहता येत नसेल तर ब्लाउज, अंगठी, पट्ट्याचे भोक यांची चौकशी करावी. एकट्या अल्ब्युमिनवर विसंबू नये. दाह असल्यास तेही घटते. सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून अधिक उतरले असेल आणि शस्त्रक्रिया थांबण्याजोगी असेल, तर ७ ते १४ दिवस पोषणासाठी द्यावेत. मोडलेला खुबा मात्र थांबत नाही. तेथे पोषण व शस्त्रक्रिया बरोबरच चालवावी लागतात.

द्यावे किती? दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० उष्मांक आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ५० किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, तर ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम मिळतात. मुगाच्या पाण्यात पाणीच अधिक. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. शहाळे तहान भागविते, भूक नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णास तर त्यातील पोटॅशियम बाधू शकते. अशा रुग्णाचे प्रथिनांचे प्रमाणही तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे.

उपास किती? मध्यरात्रीपासून सरसकट उपास ही जुनी रीत झाली. सामान्यतः हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा दुधाविना चहा यांसारखे पारदर्शक पेय दोन तास आधीपर्यंत चालते. दीर्घकालीन मधुमेहात जठर उशिरा रिकामे होत असेल, आतड्यांत अडथळा असेल किंवा शस्त्रक्रिया तातडीची असेल, तर भूलतज्ज्ञांचा निर्णय अंतिम मानावा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली की रुग्णाला त्याच क्षणी जेवू घालावे.

नंतर काय? बहुतेक रुग्णांना काही तासांतच तोंडाने घेणे सुरू करता येते. पूर्ण शुद्धीवर आणून, उठवून बसवून, थोडे थोडे पण वारंवार द्यावे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ उपाशी असलेल्यास मात्र एकदम भरपेट देणे धोक्याचे. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरू शकते. अशा वेळी थायमिन देऊन, गरजेच्या निम्म्या आहाराने आरंभ करावा व रक्ततपासणी करीत तो वाढवावा.

त्या आजींची जखम अखेर भरली. परंतु त्या पुढे वॉकरवाचून कधीच चालल्या नाहीत, आणि एकट्याने देवळात जाणे कायमचे सुटले. तेव्हापासून माझ्या वॉर्डात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फेरीत तीन गोष्टी विचारल्या जातात : वजन किती, काल काय खाल्ले आणि कवळी कुठे आहे? सहकाऱ्यांना माझी विनंती, की या तीन ओळी आपल्या केसपेपरवर छापून घ्याव्यात. आणि नातेवाइकांना सांगणे असे, की रुग्णालयात येताना शहाळ्याआधी आजींची कवळी आणावी.