करणीची भीती आणि ख्रिस्ताची शांती



धानाची रोवणी आटोपते, पावसाची झड लागते आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात आजारपणाचे दिवस सुरू होतात. घरातले पोर तापाने फणफणते. गोळ्या-औषधे होतात, ताप उतरतो, पुन्हा चढतो. मग शेजारची एखादी बाई ओसरीवर टेकून हळूच म्हणते, “हे साधं दुखनं नाही वं बाई. कोनीतरी केलं हाये.” त्या एका वाक्याने घराची झोप उडते. आपण रविवारी मिस्साला येतो, गळ्यात क्रूस घालतो, रोज रोझरी म्हणतो. तरी त्या रात्री आपल्याही मनात तोच प्रश्न घोळू लागतो : कोणी केले असेल?

आज आपण या प्रश्नाचाच विचार करू या. भीती वाटली म्हणजे श्रद्धा संपली, असे नाही. प्रभूबरोबर नावेत बसलेले शिष्यसुद्धा वादळात घाबरले होते. पाहायचे ते एवढेच, की घाबरल्यावर आपण कोणाकडे जातो आणि कोणाकडे बोट दाखवतो.

‘दोष कोणाचा?’

संत योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय घरी सावकाश वाचा. जन्मापासून आंधळा असलेला एक मनुष्य रस्त्यात दिसतो. शिष्य लगेच विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दुःख दिसले की गुन्हेगार शोधायचा, ही माणसाची जुनी सवय आहे. प्रभू येशू त्यांचा प्रश्नच बाजूला सारतो. दोष याचाही नाही, आईबापांचाही नाही, असे सांगून तो त्या मनुष्याला बरे करण्याचे काम हाती घेतो. शिष्यांची नजर मागे, कारणावर होती. प्रभूची नजर समोरच्या माणसावर होती.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आढळतो. मुलाचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होते, मधूनच असह्य कळा येतात. मूल काही दिवस बरे असते आणि पुन्हा आजारी पडते, म्हणून घरच्यांना वाटते की करणीच असणार. पण हा आजार आईवडील दोघांच्याही रक्तातून मुलाकडे येतो. त्यांनी तो जाणूनबुजून दिलेला नसतो, बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. यात शेजारणीच्या नजरेचा काय संबंध? रक्ताच्या साध्या तपासणीने जे कळते, त्यासाठी आपण वर्षानुवर्षे कोणाचा तरी द्वेष करत राहतो.

आपले युद्ध कोणाशी?

कोणी म्हणेल, फादर तर सांगतात की सैतान खरोखर आहे. होय, ख्रिस्तसभेची तशी शिकवण आहे. स्नानसंस्काराच्या वेळी आपण त्याचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करतो आणि दरवर्षी पास्काच्या रात्री ते वचन पुन्हा उच्चारतो. पण संत पौल इफिसकरांना काय लिहितात, ते नीट पाहा (६:१२). आपले झगडणे हाडामांसाच्या माणसांशी नाही, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा आपली शत्रू नव्हे. बांधावरून भांडणारा भाऊबंदही नव्हे.

पवित्र शास्त्रात सैतानाची दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. प्रभू येशू त्याला लबाडीचा बाप म्हणतो (योहान ८:४४) आणि प्रकटीकरणात तो आपल्या बांधवांवर आरोप करणारा ठरतो (१२:१०). मग विचार करा, एखाद्या म्हाताऱ्या बाईवर आपण करणीचा खोटा आळ घेतो, तेव्हा आपण कोणाचे काम करत असतो?

हे नुसते बोलण्यापुरते राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला व एका पुरुषाला ठार करून जाळण्यात आले. अशा गोष्टींची सुरुवात ओसरीवरच्या कुजबुजीनेच होते. म्हणून कुजबुज तिथेच थांबवणे हे आपले धर्मकर्तव्य आहे.

एका संताची सहा आठवड्यांची रात्र

नागपूर महाधर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने आहे. त्यांचे नाव आपण नेहमी घेतो, पण त्यांनाही भीतीने गाठले होते हे थोड्यांना ठाऊक असते. १५८६ च्या हिवाळ्यात ते पॅरिसला शिकत होते. वय अवघे एकोणीस. देवाने आपल्याला तारणासाठी निवडलेलेच नाही, आपण कायमचे नाकारले गेलो आहोत, असा विचार त्यांच्या मनात शिरला. सुमारे सहा आठवडे त्यांना अन्न गोड लागेना, झोप येईना. शेवटी ते एका चर्चमध्ये गेले, पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकले आणि देवाला म्हणाले की पुढे माझे काय व्हायचे ते होवो, या जन्मात तरी मी तुझ्यावर प्रेम करीन. ते उठले तेव्हा मनावरचे ओझे उतरले होते.

त्यांनी भीतीवर उतारा शोधला नाही. भविष्याची हमीही मागितली नाही. त्यांनी प्रेम निवडले. पूर्ण प्रीती भीतीला हाकून लावते, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतात (४:१८), त्याचा हा अनुभव होता.

पुढे १५९४ साली ते शाब्ले प्रांतात गेले. तेथे त्यांचे प्रवचन ऐकायला लोकांना बंदी होती, त्यांच्या जिवावरही बेतले. त्यांनी कोणाला शाप दिला नाही. ते कागदावर शिकवण लिहीत आणि ती पत्रके लोकांच्या दारांच्या फटीतून आत सरकवत. म्हणूनच पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली त्यांना कॅथोलिक लेखकांचे आश्रयदाते ठरवले. आपल्या हातातले हे रविवारचे पान त्या पत्रकांचेच धाकटे भावंड आहे.

आपण काय करावे?

१. आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. रोवणीत किंवा कापणीत साप चावला तर एक क्षणही मांत्रिकाकडे घालवू नका, सरकारी रुग्णालय गाठा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

२. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत. फादरांना बोलवा, रुग्णाभ्यंगाचा संस्कार घ्या. भूत काढण्याचा विधी मात्र कोणीही करू शकत नाही. त्यासाठी धर्मगुरूला बिशपांची परवानगी लागते आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी लागते.

३. क्रूस, मेडल व आशीर्वादित पाणी यांना गंडादोरा करू नका. ती आपल्याला ख्रिस्ताची आठवण देतात. त्यांना जादू समजणे हीही अंधश्रद्धाच होय.

४. पाप-निवेदन करा. अबोला धरला असेल तो सोडा. वैर मनात असले की संशयाला तिथेच घर मिळते.

५. गावाने जिच्यावर आळ घेतला आहे, तिच्या घरी जा. तिच्या हातचा चहा प्या.

हे पाचवे काम सर्वांत कठीण. गाव काय म्हणेल, ही दुसरी भीती तेथे आडवी येते. त्या आंधळ्याच्या आईबापांनाही हीच भीती होती. सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून त्यांनी उत्तर टाळले आणि मुलाला एकटे सोडले. मुलगा खरे बोलला आणि त्याला बाहेर काढण्यात आले. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याला बाहेर घालवले हे ऐकताच प्रभू येशू त्याला शोधत आला (योहान ९:३५). सत्यासाठी आपण एकटे पडलो, तर त्या एकांतात प्रभू आपल्याला गाठतो.

कुटुंबात विचार करू या

● गेल्या वर्षभरात आपण कोणाबद्दल ‘तिची नजर वाईट’ असे बोललो का?
● मुलांसमोर आपण भुताखेतांच्या गोष्टी अधिक सांगतो की प्रभूच्या?
● या आठवड्यात आपण कोणाच्या दारी जाणार?

प्रार्थना

हे प्रभू येशू, रात्री दचकून जागे होतो तेव्हा तुझे नाव आमच्या ओठांवर असू दे. आजारात आम्हाला धीर दे आणि योग्य उपचाराची बुद्धी दे. शेजाऱ्यावर आळ घेण्यापासून आमची जीभ आवर. ज्यांना लोकांनी दूर लोटले, त्यांच्या घरी जाण्याचे बळ दे. संत फ्रान्सिस द सेल्स, आम्हासाठी विनंती करा. आमेन.