निबंध : माझ्या कल्पनेतील डिजिटल कॅमेरा

'मला पंख असते तर' असे कल्पनाप्रधान निबंध आपण नेहमी लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. स्वतःसाठी कॅमेरा बनवून घ्यायचा झाला, तर तो कसा असावा? कल्पना करायची, पण ती आपल्या गरजेतून आलेली हवी. म्हणून आधी माझी गरज सांगते.

मी खेड्यातल्या शाळेत शिकवते. फोटो काढण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. आमची काही मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलीने फळ्यावर पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मी घाईघाईने मोबाईल काढला. बाहेर परतीच्या पावसाचं आभाळ, वर्गात वीज नाही. फोटो आला, पण तिचा हात आणि चेहरा दोन्ही पुसट. "बाई, मला फोटो द्या ना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आला आणि ती गेली. द्यायला माझ्याकडे धड फोटोच नव्हता. तेव्हापासून माझ्या मनात एक कॅमेरा तयार होतो आहे.

१) कमी उजेडात चालणारा

फोटो पुसट का आला? उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. समजा, त्याने सेकंदाचा १५ वा भाग घेतला. तेवढ्या वेळात लिहिणारा हात पुढे सरकतो. हात स्पष्ट यायला सेकंदाचा साधारण २५० वा भाग हवा. पण मग प्रकाश सोळा-सतरा पटीने कमी मिळतो. ही तूट भरायची कशी? एक उपाय म्हणजे भिंगाचं तोंड मोठं हवं. ते 'एफ' या आकड्याने मोजतात, आणि आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. एफ ४ पेक्षा एफ २ चं भिंग चौपट प्रकाश आत घेतं. दुसरा उपाय म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा हवा. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो, पण त्याची भिंगं जड आणि महाग. मला साधारण २४ × १६ मिलिमीटरचा मधला सेन्सर पुरेल. मोबाईलच्या सेन्सरपेक्षा तोही कितीतरी मोठाच.

२) मेगापिक्सेल बेताचे

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेल?" चला, गणित करू. ६ × ४ इंची फोटो छापताना एका इंचात ३०० ठिपके धरले, तर १८०० × १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल! ए-फोर कागदाएवढ्या मोठ्या फोटोलाही ९ च्या आतच लागतात. मला १२ पुष्कळ झाले.

३) आवाज न करणारा

कॅमेरा दिसला की मुलं हात खाली सोडून ताठ उभी राहतात. फ्लॅश चमकला की डोळे मिटतात. मला हसणारी, भांडणारी, पाटीवर वाकलेली मुलं हवीत. म्हणून माझा कॅमेरा हाताच्या पंजात मावेल, 'खट्' असा आवाज करणार नाही आणि त्याला फ्लॅश नसेल. मैदानावरची धूळ त्याच्या आत जाणार नाही. त्याचे सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतील.

४) नको असलेल्या गोष्टी

चेहरा गोरा करणारी सोय मला नको. मूल जसं आहे तसंच दिसू दे. फोटो आपोआप इंटरनेटवर चढवणारं बटणही नको. मुलांचे फोटो कुठे दाखवायचे हे पालकांना विचारून ठरवायचं असतं.

५) फोटो हातात देणारा

ही माझी सगळ्यात मोठी इच्छा. कॅमेऱ्यातच छोटा प्रिंटर हवा. फोटो काढला की कागदावर बाहेर यावा आणि मुलाने तो दप्तरात ठेवावा. लगेच छापून देणारे कॅमेरे आजही मिळतात, पण मला ती सोय आणि वरचे सगळे गुण एकाच यंत्रात हवेत. फोटो काढणाऱ्याकडे हजार फोटो असतात. ज्याचा फोटो आहे त्याच्याकडे मात्र कधीकधी एकही नसतो.

तुम्ही म्हणाल, बाई, असा कॅमेरा कधी बनेल? १९७५ साली कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं. कृष्णधवल चित्र फक्त १०० × १०० ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटच्या टेपवर साठवायला २३ सेकंद लागत. तिथून आपण खिशातल्या मोबाईलपर्यंत आलो. मग माझा कॅमेराही अशक्य नाही.

तोपर्यंत मी काय करते? ढगाळ दिवशी मुलांना दाराजवळच्या उजेडात बसवते. एकाऐवजी पाच फोटो काढते. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाच्या हातात त्याचा एक छापील फोटो देते. ट्रॅक्टर कधी येईल ते सांगता येत नाही.

स्वाध्याय : 'माझ्या कल्पनेतील कॅमेरा' या विषयावर दहा-बारा ओळी लिहा. लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं वहीत मांडा. मला कशाचे फोटो काढायचे आहेत? कुठे काढायचे आहेत? आणि कोणासाठी?