रोबोटच्या खोलीत उभं राहून शिकलेलं

मी ऑपरेशन थिएटरमधली परिचारिका. प्रोस्टेटच्या कर्करोगाची उघडी ऑपरेशनं मी पाहिली, मग साध्या दुर्बिणीची पाहिली, आणि आता आमच्या मुंबईच्या रुग्णालयात ती बहुतेक रोबोटच्या साह्याने होतात. माझी जागा रुग्णाच्या कुशीला असते. तिथे उभं राहून जे कळलं, ते ज्यांच्या घरात हे ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. यंत्र आपण होऊन एक टाकाही घालत नाही

"सिस्टर, डॉक्टर आत असतील ना, की मशीनच सगळं करणार?" हा प्रश्न मी फार जणांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. डॉक्टर त्याच खोलीत, रुग्णापासून काही पावलांवर कन्सोलशी बसलेले असतात. भिंगांना डोळे लावले की त्यांना ओटीपोटाच्या आतलं दृश्य खोलीसकट, सुमारे १० पट मोठं दिसतं. बोटं दोन पकडींत आणि पाय पेडलांवर असतात. एका पेडलने कॅमेरा हलवता येतो, दुसऱ्याने रक्तवाहिनी जाळून बंद करणारा विद्युतप्रवाह सुरू होतो.

त्यांचा हात हलला की पोटातलं ८ मिलिमीटर जाडीचं अवजार हलतं. बाहेरची मोठी हालचाल आत लहान होऊन पोचते, आणि हाताचा बारीक कंप गाळला जातो. अवजाराच्या टोकाला मनगटासारखा सांधा असतो. साध्या दुर्बिणीच्या सरळ अवजारांना तो नव्हता, त्यामुळे इतक्या खोल जागी टाके घालताना सर्जनचा कस लागायचा. डॉक्टरांनी डोकं कन्सोलवरून उचललं, की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात. मात्र बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना स्पर्श जाणवत नाही. ऊतक किती ताणलं जातंय हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. ही नजर विकत मिळत नाही, वर्षांनुवर्षांच्या कामातून येते.

२. रुग्णाजवळ उभी असणारी माणसं विसरू नका

पोटावर पाच-सहा छोटी छिद्रं घेतात, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि टेबल डोक्याकडे चांगलंच उतरतं करतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि खालची जागा मोकळी होते. त्याआधी खांदे, कोपर, टाचा यांना मऊ आधार देण्यात आमचा बराच वेळ जातो, कारण अशा अवस्थेत माणूस दोन ते चार तास असतो. भूलतज्ज्ञ सगळा वेळ श्वासाचा दाब आणि डोळे सांभाळत असतात. बाहेर आल्यावर चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतात, खांदा दुखतो. सूज उतरते, आणि खांदा उरलेल्या वायूमुळे दुखतो. हे आधी सांगितलेलं असलं की घरचे घाबरत नाहीत.

अवजारं बदलणं, रक्त शोषून घेणं, सुई आत देणं ही कामं आमच्या बाजूची. उघड्या ऑपरेशनचा ट्रे नेहमी तयार ठेवलेला असतो. गरज पडली तर यंत्र बाजूला कसं घ्यायचं, याची आमची तालीम झालेली असते. खर्चाबद्दलही एक सांगते. या अवजारांचे वापर मोजलेले असतात. ठरलेली संख्या भरली की यंत्र ते अवजार स्वीकारतच नाही. बिल मोठं होण्यामागे हे एक कारण आहे.

३. खरं कौशल्य दोन ठिकाणी लागतं

प्रोस्टेट अक्रोडाएवढी ग्रंथी. वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधून मूत्रनलिका गेलेली. कर्करोगात ही ग्रंथी वीर्यकोशांसकट पूर्ण काढतात. दोन्ही कडांना लिंगाच्या ताठरतेच्या नसा आणि रक्तवाहिन्या अगदी चिकटून असतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवून ऑपरेशन केलं. त्याआधी ताठरता जाणं जवळजवळ ठरलेलंच होतं. पुढे डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मूळचे भारतीय डॉ. मणी मेनन यांनी रोबोटने हेच ऑपरेशन नित्याचं केलं.

या कडांपाशी आले की आमचे सर्जन बोलणं थांबवतात. तिथे शक्यतो जाळत नाहीत, कारण उष्णता नसांना सोसत नाही. क्लिप लावून, पडदा सोलावा तसं अलगद सोडवतात. पण कर्करोग त्या कडेपर्यंत आला असेल तर नस वाचवण्याचा हट्ट धरता येत नाही. आधी रोग जायला हवा.

दुसरं ठिकाण म्हणजे जोड. ग्रंथी गेल्यावर मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रनलिकेचं टोक यांत अंतर पडतं. ती दोन्ही जवळ आणून गोलाकार टाके घालतात आणि सलाइन भरून गळती तपासतात. अवजारांच्या मनगटाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. काढलेली ग्रंथी पिशवीत घालून बेंबीजवळचं छिद्र थोडं वाढवून बाहेर घेतात.

४. "शेजारच्या काकांचं झालं" ते हे नव्हे

वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटसाठी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतला भाग खरवडतात. बाहेरचं कवच तसंच राहतं. कर्करोगाचं ऑपरेशन वेगळं, बरं होण्याचा काळही वेगळा. दोन्हींची तुलना करून रुग्णाला उगाच धीर किंवा धास्ती देऊ नका.

५. यंत्रापेक्षा सर्जनबद्दल विचारा

पोटातल्या वायूच्या दाबाने शिरांतून रक्त कमी वाहतं, त्यामुळे रोबोटच्या ऑपरेशनात रक्तस्राव नक्कीच कमी. वेदना कमी, घरी लवकर जाता येतं. पण ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या अभ्यासात, १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत उघड्या आणि रोबोटिक ऑपरेशनमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा, तुम्ही अशी किती ऑपरेशनं केली, तुमच्या रुग्णांना ताबा कधी आला. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. रोबोट नाही म्हणून जमीन विकून शहर गाठायची गरज नसते. अनुभवी हातांनी केलेलं उघडं ऑपरेशन आजही उत्तम आहे.

६. नळी निघते तो दिवस सगळ्यात अवघड

जोड भरून येईपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस लघवीची नळी (कॅथेटर) असते. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, भरपूर पाणी प्यायचं. शौचाला जोर करायचा नाही आणि परस्पर एनिमा तर मुळीच घ्यायचा नाही, कारण गुदाशय जोडाला लागूनच आहे.

नळी निघाली की खोकताना, उठताना लघवी गळते. आयुष्यभर घर चालवलेला माणूस त्या दिवशी मान खाली घालून बसतो. पॅड आणायला मुलाला सांगायचीही त्याला लाज वाटते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे अपेक्षित असतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष लागतं. पॅड आधीच घरी आणून ठेवा. ताठरता परतायला दोन वर्षंही लागू शकतात, आणि वीर्य येत नाही. या गोष्टी ऑपरेशनपूर्वी, पत्नी सोबत असताना, स्पष्ट बोलून घ्याव्यात.

७. प्रत्येकाला ऑपरेशन लागतच असं नाही

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, असे तीन मार्ग चिठ्ठी टाकल्यासारखे वाटून दिले. १५ वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. बायोप्सीतला ग्रेड, एमआरआय आणि पीएसए ही रक्ततपासणी पाहून सौम्य रोगात थांबण्याचा सल्ला मिळाला, तर डॉक्टर टाळताहेत असं समजू नका. मात्र आक्रमक रोगात वेळ दवडू नका.

८. लघवीवरच्या ताब्याचा व्यायाम आधी सुरू करा

लघवी मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो तो ओळखून घ्या आणि फिजिओथेरपिस्टकडून पद्धत नीट शिका. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवसापासून रोज करा, नळी आत असताना थांबवा, आणि ती निघाली की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. सहा आठवडे जड उचलू नका, स्कूटर-सायकल डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि पहिली पीएसए तपासणी साधारण सहा आठवड्यांनी असते. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका.