बाळाच्या फुप्फुसाला सांगावा

मेंढी साधारण पाच महिन्यांनी विते. कोकरू फार आधी पडले तर ते धापा टाकून मरते. मेंढपाळाला हे ठाऊक असते. माणसाच्या बाळाचेही तसेच होते. अपुऱ्या दिवसांचे बाळ कण्हते, त्याची छाती आत ओढली जाते, अंग निळे पडते. लोक म्हणतात, "सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही." हे खरे नव्हे. बाळ पोटात जितके जास्त दिवस राहील, तितके त्याचे फुप्फुस तयार होते.

तयार होते म्हणजे काय होते? फुप्फुस म्हणजे बारीक फुग्यांचा घोस. हे फुगे आतून ओले असतात. पावसात भिजलेल्या वहीची पाने कशी चिकटतात! तसेच श्वास सोडताना हे फुगे मिटून चिकटू पाहतात. ही पाण्याची ओढ. ती कमी करता येते. ताटात पाणी घ्या. वर मिरीची पूड भुरभुरा. बोटाला साबण लावून मधोमध टेकवा. पूड झटकन कडेला पळेल. साबणाने तिथली ओढ कमी केली.

फुप्फुसातही असाच एक लेप असतो. तो साबण नव्हे. त्यात पुष्कळशी चरबी आणि थोडी प्रथिने असतात. फुप्फुसातल्याच काही पेशी तो बनवतात. साधारण चौतिसाव्या आठवड्यानंतर तो पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला लेप कमी पडतो. ही गोष्ट १९५९ साली अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी एलन एव्हरी यांनी दाखवली.

पण पेशींना "लागा कामाला" असे सांगतो कोण? बाळाच्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. दिवस भरत आले की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात जास्त सोडतात. हा स्टिरॉइड जातीचा हार्मोन. हार्मोन म्हणजे सांगावाच म्हणा ना! तो पेशीत शिरतो आणि तिच्या केंद्रापर्यंत पोचतो. कोणते प्रथिन कसे करावे, याची जणू वहीच तिथे असते. सांगावा पोचला की वहीतली नेमकी पाने उघडतात. मग लेपाची प्रथिने आणि चरबी जास्त बनू लागते.

न्यूझीलंडमध्ये डॉक्टर ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. पोटातल्या कोकरांना त्यांनी असे हार्मोन दिले. कोकरे फार लवकर जन्मली, तरी त्यांच्या फुप्फुसांत हवा भरली होती! हे १९६९ साली छापून आले. मग डॉक्टर रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी लवकर कळा लागलेल्या मातांना तशाच औषधाची सुई दिली. १९७२ साली निकाल आला. औषध न मिळालेली शंभरातली १५ बाळे पहिल्या आठवड्यात दगावली होती, मिळालेल्यांपैकी ३.

आईचे स्वतःचे कॉर्टिसॉल वारेतच बरेचसे निकामी होते. हे औषध मात्र वार ओलांडून बाळाला पोचते. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात. दर १२ तासांनी एक, अशा चार सुया देतात. २०१४ पासून सरकारी सूचनेप्रमाणे, लवकर कळा लागल्या तर दवाखान्यात धाडण्याआधी नर्सबाईही पहिली सुई देऊ शकतात.

पण लेप बनायला वेळ लागतो. पुरता गुण यायला साधारण एक दिवस जातो. "कळा खोट्या असतील, सकाळी बघू," असे सासूबाई म्हणतात, आणि ती रात्र बाळाची जाते. तेव्हा कळा आल्या, पाणी गेले, की लगेच निघा.

आणखी एक. ही सुई दिवस पाहून द्यायची असते. ती उगीच घेऊ नये. दिवस कसे कळणार? शेवटची पाळी सुरू झाली ती तारीख लिहिलेली असेल तर! आता तुम्हाला लिहिता येते. घरात सून असेल, लेक असेल, तर ती तारीख आजच कागदावर लिहून ठेवायला सांगा.

प्रश्न
१. फुप्फुसातला लेप काय काम करतो?
२. हार्मोनला सांगावा का म्हटले आहे?
३. पाळीची तारीख का लिहून ठेवावी?