अंतर तेच, वेळ वेगळी का?

प्रश्न : मुलाकडे लंडनला पहिल्यांदाच एकटी जाणार आहे. मुंबईहून जाताना दहा तास, परतताना नऊच. असं का?

उत्तर : ताई, मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर आठ तास पुरायला हवेत. पण विमान उडतं त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. तो एक तास तिथला. शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा घ्यावा लागला. धावपट्टीपर्यंतचा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

खरा घोळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे. जुलैत दुपारी दोनला निघालात तर दहा तासांनी तिथे संध्याकाळचे साडेसातच वाजलेले असतील. औषधांच्या वेळा मात्र घड्याळ बघून ठरवू नका. दोन डोसांमध्ये किती तास हवेत, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.