अंडवृद्धी: सूज आणि तिची धास्ती

वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साचून येणारी सूज म्हणजे अंडवृद्धी. दवाखान्यात तिला हायड्रोसील म्हणतात. सिंधुदुर्गात हत्तीरोग वगळून तिचा विचार करता येत नाही, कारण महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत या जिल्ह्याची गणना झालेली आहे. गटारांत वाढणारा क्युलेक्स डास वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी हा कृमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो, आणि हा कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. मात्र प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाचीच असते असे नाही. मार लागून किंवा जंतुसंसर्गानेही ती होते. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

सूज बहुधा दुखत नाही, म्हणून ती लपवता येते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारा माणूस आधी लंगोट घट्ट करतो, मग ढगळ कपडे घालू लागतो, पुढे विहिरीवर चारचौघांत आंघोळ करायचे सोडतो. घरात बायकोलाही कळत नाही. रात्री तो सूज पुन्हा पुन्हा दाबून पाहतो. दाबल्याने जागा हुळहुळते आणि त्या हुळहुळण्यालाच तो रोग वाढल्याची खूण समजतो. उरलेली झोप मोबाइलवर या रोगाविषयी शोधण्यात जाते. गरम पाल्याचा शेक, कुणा भोंदूने सुई टोचून काढलेले पाणी हे प्रकार याच काळात घडतात. काढलेले पाणी पुन्हा भरते. सुईतून जंतू गेले तर पू होतो.

मनात भीती तीन असतात. पहिली नामर्दीची. अंडवृद्धीने पुरुषत्व जात नाही. फार मोठी सूज संबंधात अडचण करते, ती तेवढ्यापुरती. दुसरी भीती हत्तीपायाची. अंडवृद्धी झालेल्या प्रत्येकाचा पाय सुजतो, हा समज चुकीचा आहे. हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कारण कृमीची पिल्ले त्या वेळी रक्तात उतरतात. डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या ही पिल्ले मारतात. साचलेले पाणी मात्र गोळ्यांनी हटत नाही.

तिसरी भीती कर्करोगाची, आणि तिच्यात तथ्याचा अंश आहे. पंधरा ते पस्तीस या वयात वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली, तर ती गंभीर मानावी. लवकर सापडलेला हा कर्करोग बहुतेकदा पूर्ण बरा होतो. म्हणून निदान टाळण्यात काहीच लाभ नाही. तपासणी साधी असते: डॉक्टर अंधारात सुजेवर विजेरी धरतात, पाणी असेल तर प्रकाश लालसर आरपार दिसतो. आडवे झाल्यावर सूज आत जात असेल तर तो बहुधा हर्निया. उरलेली शंका सोनोग्राफीने मिटते. मालवणचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे शासकीय रुग्णालय गाठावे; इथले बरेच रुग्ण गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातही जातात.

दोन प्रसंगांत मात्र सकाळची वाट पाहू नये. अचानक तीव्र कळ, मळमळ, एक वृषण वर ओढलेले, विशेषतः कुमारवयात, असे झाले तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला हाताशी सहाएक तासच असतात. हर्निया आत न जाता दुखू लागला, उलट्या झाल्या, तरीही तेवढीच घाई करावी.

लाज मोडण्याचा उपाय म्हणजे आधी एकाच विश्वासू माणसाला सांगणे: बायकोला, भावाला किंवा गावच्या आरोग्यसेवकाला. डॉक्टरांसमोर शब्द सुचणार नाहीत असे वाटल्यास सूज कधीपासून आहे, वाढते का, दुखते का एवढे कागदावर लिहून न्यावे. झोप उडाली, जेवण सुटले, कामावर जाववत नसेल, तर त्या काळजीवरही उपचार असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

लहान, अडचण न करणारी अंडवृद्धी तशीच ठेवता येते. मोठीवर शस्त्रक्रिया करतात; कमरेखालचा भाग बधिर करून पाणी काढतात आणि आवरण कापतात किंवा उलटवून शिवतात. त्यानंतर काही आठवडे जड ओढकाम बंद असते, त्यामुळे जून-जुलैतील मासेमारी बंदीचा काळ मच्छीमारांना सोयीचा पडतो. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि काळेनिळेपणा काही आठवडे राहतो. रोग परतला असे वाटून अनेकजण यावेळी घाबरतात, पण ती जखमेची सूज असते. ताप, पू किंवा झपाट्याने वाढणारी सूज दिसली, तरच लगेच रुग्णालयात परत जावे.